जुनी स्पोर्ट्स कूपे घरच्या घरी दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘जुनी’ म्हणजे साधारण १९७० ते १९९५ या काळातली दोन दारांची गाडी. लांब बोनेट, मागे नावापुरती सीट, आणि कार्ब्युरेटर किंवा सुरुवातीच्या पिढीचं पेट्रोल इंजेक्शन. या गाड्या चालून जितक्या खराब होतात त्याहून जास्त उभ्या राहून होतात. कडक झालेलं रबर, हिरवे पडलेले वायरींचे सांधे, शिळं पेट्रोल आणि गंज, बहुतेक तक्रारी या चौघांपाशीच येऊन थांबतात. त्यामुळे नवीन पार्ट मागवण्याआधी काय बघायचं आणि काय मोजायचं, यावर खालच्या उत्तरांचा भर आहे.

गाडी कित्येक वर्षं बंद उभी होती. बॅटरी लावून एकदा सेल्फ मारून बघू का?

नका मारू. इंजिन जाम झालंय का या धास्तीने सगळे आधी तेच करतात. पण कोरड्या सिलिंडरवर रिंगा घासतात, टाकीतला गाळ इंजेक्टरपर्यंत खेचला जातो, आणि खरं नुकसान तिथे होतं.

आधी एअर फिल्टरचा डबा आणि सायलेन्सरचं तोंड तपासा. उंदरांना दोन्ही जागा फार आवडतात. मग सगळे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा सॉकेट लावा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्येच अडलं तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडून एक-दोन दिवस थांबा.

मोकळं फिरलं तर ऑइल आणि फिल्टर बदला. प्लग बाहेरच ठेवून, कॉइल आणि पेट्रोल पंप दोन्ही बंद करून, ऑइलचं प्रेशर दिसेपर्यंत सेल्फ फिरवा. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर भार येत नाही आणि ऑइल वरपर्यंत पोचतं. पेट्रोल सोडून इंजिन खरोखर सुरू करायची वेळ यानंतरची. तेव्हा अग्निशामक हाताशी हवा. गाडीच्या आत किंवा डिकीत ठेवलेला काही उपयोगाचा नाही.

टाकीत जुनं पेट्रोल आहे. वरून ताजं भरलं तर चालेल ना?

काही महिन्यांचं असेल तर कदाचित. काही वर्षांचं असेल तर सगळं काढा. शिळ्या पेट्रोलला वॉर्निशसारखा आंबूस वास येतो, आणि तोच चिकट थर पुढे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये नाहीतर इंजेक्टरच्या टोकाला बसतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल फार झाली की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पंपाचं तोंडही तिथेच असतं, आणि पत्र्याची टाकी आतून गंजते तीही तिथूनच.

टाकीइतकेच होज पाइप महत्त्वाचे. १९९० च्या आधीचं बरंचसं रबर इथेनॉलसाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, नाहीतर आतून सोलून निघतं. नवा पाइप घेताना प्रेशर ध्यानात घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंपाचं प्रेशर साधारण ०.२ ते ०.३ बार असतं, बॉशच्या एल-जेट्रॉनिक इंजेक्शनमध्ये २.५ बारच्या आसपास, आणि के-जेट्रॉनिकमध्ये जवळपास ५ बार. इंजेक्शनच्या लाइनला ‘एसएई जे३० आर९’ असा छाप असलेला पाइप आणि गुळगुळीत काठाचे क्लॅम्प लावा. धारदार चिरांचे साधे क्लॅम्प रबर कापत जातात. जुन्या गाड्या पेट घेतात त्याला बऱ्याचदा असाच एखादा फुटलेला पाइप कारणीभूत असतो. पाइप बाहेरून ठीक दिसत असला तरी वय माहीत नसेल तर बदला, त्यात घासाघीस नको.

कामांचा क्रम काय असावा?

आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग पेटू नये याची सोय, मग चालणं, आणि सगळ्यात शेवटी दिसणं. म्हणजे ब्रेक, स्टीअरिंग, पेट्रोल लाइन आणि वायरिंग, त्यानंतर इंजिन. पत्र्याचा गंज मात्र पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा. तो आवाक्याबाहेरचा निघाला तर बाकी सगळ्या बेताला अर्थ नाही.

बरेच जण उलटं करतात. सीट, डॅशबोर्ड, इंजिन, सगळं एकदम उघडतात आणि मग पेट्यांमधल्या नट-बोल्टांकडे बघत बसतात. एका वेळी एकच भाग उघडा आणि तो मिटवूनच पुढे जा. उघडताना फोटो काढा, बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांत ठेवा. आणि त्या मॉडेलचं कंपनीचं मूळ सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. घट्ट करायचे आकडे आणि वायरिंगचे नकाशे त्याच्याइतके भरवशाचे दुसरीकडे मिळत नाहीत.

माझी गाडी फार कमी चालली आहे. तरी टायमिंग बेल्ट बदलायचा का?

हो. रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. कागदोपत्री तारीख नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चाला. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात, तिथे बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. पोर्शे ९४४ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तिला कॅमशाफ्टचा एक आणि बॅलन्स शाफ्टचा दुसरा असे दोन बेल्ट आहेत, आणि दुसरा तुटून पहिल्यात अडकला तरी परिणाम तोच. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलरचे बेअरिंग आणि बेल्टवरच चालत असेल तर वॉटर पंपही बदला, कारण एवढं उघडायचं काम पुन्हा करावंसं वाटत नाही.

टायमिंग चेन असेल तर निर्धास्त राहा असं नाही. थंड इंजिन सुरू करताना खडखडाट येत असेल तर टेन्शनर आणि प्लास्टिकच्या पट्ट्या तपासा.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन लागत नाही.

सगळ्यात जास्त पार्ट उगाच बदलले जातात ते याच तक्रारीत. इंजिनाला ठिणगी, पेट्रोल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि या तिघांची योग्य वेळ एवढंच लागतं. कोणतं नाही हे आधी ठरवा.

ठिणगीसाठी स्पार्क टेस्टर लावा. प्लगची वायर हातात धरून बघायची जुनी पद्धत इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत तुम्हालाही महागात पडते आणि मॉड्यूललाही. सेल्फ फिरत असताना टॅकोमीटरकडे लक्ष द्या. बऱ्याच गाड्यांत काटा थोडा थरथरला तर इग्निशनला सिग्नल पोचतोय असं समजायला हरकत नाही. काटा मेल्यासारखा पडून असेल तर संशय क्रँक सेन्सर, डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप किंवा त्यांच्या वायरींवर घ्या. ९४४ मध्ये हे सेन्सर क्लचच्या घंटेसारख्या आवरणावर, इंजिनच्या उष्णतेत बसलेले असतात, आणि त्यांच्या वायरींचे प्लग तीस वर्षांत बिस्किटासारखे ठिसूळ होतात.

पेट्रोलकडे वळा. पंपाचा आवाज येत नसेल तर पंप मागवण्याआधी त्याच्या प्लगवर सेल्फ मारताना व्होल्टेज येतं का ते बघा. व्होल्टेज नसेल तर दोष पंपाच्या अलीकडे आहे, आणि अलीकडे म्हणजे बहुतेक वेळा रिले (विजेने चालणारा स्विच). ९४४ ची डीएमई (इंजिन कंप्युटरची) रिले आणि १९८०-९० च्या होंडा गाड्यांची मेन रिले या दोन्ही एकाच कारणासाठी बदनाम आहेत: आतल्या सर्किटवरचे सोल्डरचे सांधे तडकतात. होंडाची तर गाडी उन्हात तापली की बंद आणि संध्याकाळी चालू, अशी लपाछपी चालते. रिले उघडून भिंगाखाली बघा. सांध्याभोवती बारीक गोल चीर दिसली तर पुन्हा सोल्डर करून काम होतं.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी लागत नाही, तेव्हा कॉम्प्रेशन मोजा आणि टायमिंगच्या खुणा जुळतात का ते तपासा. बेल्ट एक-दोन दात सरकला असेल तर हेच होतं.

एक आणखी शक्यता कंप्युटरची. १९९० च्या आसपासच्या काही कंट्रोल युनिटमधले कॅपॅसिटर वयाने गळतात आणि आतला द्रव सर्किट खातो. मित्सुबिशी एक्लिप्सच्या पहिल्या पिढीत हे नेहमी दिसतं. युनिट उघडल्यावर माशांसारखा वास आला तर दुसरं काही शोधू नका.

थंड असताना पटकन सुरू होते. गरम झाल्यावर बंद केली की अर्धा तास थांबावं लागतं.

उष्णतेने बंद पडणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: क्रँक सेन्सर, इग्निशन मॉड्यूल, कॉइल आणि पेट्रोलचं उरलेलं प्रेशर. गाडी हट्ट करत असेल त्याच क्षणी ठिणगी बघा. थंड झाल्यावर तपासणी करून काहीच हाती लागत नाही. ठिणगी नसेल तर सेन्सर किंवा मॉड्यूलवर ओला फडका ठेवून थंड करा. लगेच सुरू झाली तर चोर सापडला. मॉड्यूल बदलताना त्याच्याखाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायला विसरू नका, नाहीतर नवंही फार टिकत नाही.

ठिणगी असेल तर प्रेशर गेज लावा. इंजिन बंद केल्यावर इंजेक्शनच्या लाइनमध्ये बराच वेळ प्रेशर टिकायला हवं. लगेच शून्यावर आलं तर पंपाची झडप, रेग्युलेटर किंवा गळणारा इंजेक्टर. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल लाइनमध्येच उकळून वाफ होते, तिथे उष्णतेची ढाल आणि पाइपची वाट बघा. डॅटसन २४०झेड तिच्या दोन कार्ब्युरेटरांखालीच एक्झॉस्ट असल्यामुळे यासाठी प्रसिद्ध आहे.

आयडलिंग वर-खाली होतं, कधी कधी सिग्नलला बंद पडते.

हवा चोरून आत येते आहे, हे आधी गृहीत धरा. इनटेकचे रबरी बूट, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, इंजेक्टरचे रबरी रिंग आणि ब्रेक बूस्टरचा पाइप, सगळं तपासा. रबर वाकवून बघा, चिरा घडीत लपलेल्या असतात. सगळ्यात खात्रीची तपासणी धुराची. इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडला की गळती डोळ्यांना दिसते. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून शोधण्याची पद्धत सर्रास चालते, पण ती पेट घेऊ शकते.

एल-जेट्रॉनिक आणि तिच्यासारख्या, आत येणारी हवा हलत्या पात्याच्या मीटरने मोजणाऱ्या इंजेक्शनमध्ये एक सोपी परीक्षा आहे. आयडलिंगला ऑइल भरायचं झाकण उघडा. इंजिन लगेच अडखळलं किंवा बंद पडायला लागलं तर बाकी यंत्रणा बऱ्यापैकी हवाबंद आहे. काहीच फरक पडला नाही तर आधीच कुठेतरी मोठं भोक आहे. हीच परीक्षा कार्ब्युरेटरच्या गाडीला लावू नका, तिथे तिचा अर्थ लागत नाही.

स्कॅनर लावायला सॉकेटच सापडत नाही.

नसेलच. अमेरिकेत ओबीडी-२ (सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी तपासणी पद्धत) सक्तीचं झालं १९९६ च्या मॉडेलांपासून आणि युरोपीय संघात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्याआधी प्रत्येक कंपनीचा कारभार वेगळा. टोयोटात डायग्नोस्टिक डब्यातल्या टीई१ आणि ई१ या पिना वायरने जोडल्या की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून आकडे सांगतो. तुमच्या मॉडेलची पद्धत मॅन्युअलमध्ये बघा, चुकीच्या पिना जोडल्या तर नवा बिघाड तयार होतो. आणि कोड मिळाला म्हणजे पार्ट मिळाला असं नाही. ‘ऑक्सिजन सेन्सर’ असा कोड इनटेकच्या गळतीनेही येतो.

डिस्ट्रिब्युटरमधले काँटॅक्ट पॉइंट आधी की ठिणगीचं टायमिंग आधी?

पॉइंट आधी. गॅप बदलला की टायमिंग आपोआप हलतं, उलट होत नाही.

हेडलाइट मंद, इंडिकेटर लावला की दुसराच दिवा लुकलुकतो.

अर्थिंग. करंटला परतायचा नीट रस्ता नसला की तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. नुसतं डोळ्यांनी बघून हे कळत नाही, दिवा चालू ठेवून मोजावं लागतं. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन दिव्याच्या अर्थच्या टोकाला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर मधला एखादा सांधा गंजलेला आहे. इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी या जाड पट्ट्यांपासून सुरुवात करा. पेंट खरवडून धातू उघडा करा, घट्ट करा, वरून ग्रीस. मंद दिव्यांपासून रेडिओच्या खरखरीपर्यंत बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात, आणि हे काम करायला कुणालाच आवडत नाही.

उघडझाप करणारे हेडलाइट अर्ध्यात अडकले तर जबरदस्तीने ओढू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. बऱ्याच मोटरींना हाताने फिरवायची गोल खुंटी दिलेली असते. फ्यूज काढा आणि मगच ती फिरवा.

बॅटरी दोन दिवसांत उतरते. नवी घेतली तरी तेच.

म्हणजे गाडी झोपेत करंट पिते आहे. भरलेली बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ आलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय. मग सगळं बंद करून, बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये अँपिअर मीटर लावा. ५० मिलिअँपिअरच्या आत असलं तर ठीक. अर्धा अँपिअर वाहत असेल तर दोन दिवसांत २४ अँपिअर-तास संपतात, म्हणजे मध्यम बॅटरी निम्मी रिकामी. आता एकेक फ्यूज काढत जा, कुठल्या फ्यूजला आकडा पडतो ते बघा. कुठल्याच फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरची वायर सुटी करून बघा, आतला डायोड गळका असू शकतो. डिकीचा दिवा आणि मागच्या मालकाने बसवलेला अलार्म हे नेहमीचे गुन्हेगार.

धुराच्या रंगावरून काय कळतं?

बरंच काही, पण धूर केव्हा येतो हेही बघा. निळसर धूर ऑइलचा. सकाळी सुरू करताना एकच ढग येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील. जोर लावताना सतत येत असेल तर रिंगा. टर्बो असेल तर त्याचे सीलही. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा धूर थंड सकाळी थोडा वेळ आला तर ती नुसती वाफ. गरम इंजिनवरही येत राहिला, गोडसर वास आला आणि कूलंट कमी होत गेलं, तर हेड गॅसकेटचा संशय घ्या.

हेड उतरवायच्या आधी खात्री करा. कूलंटच्या टाकीवर लावायची रासायनिक चाचणी मिळते. एक्झॉस्टचा कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये येत असेल तर तिचा निळा द्रव पिवळा होतो. कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सिलिंडरमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर त्या कमजोर सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असले तर त्यांच्यामधलं गॅसकेट.

९४४ सारख्या गाड्यांत ऑइल आणि कूलंट एकत्र दिसले म्हणजे गॅसकेटच गेलं असं नाही. ऑइल कूलरच्या आवरणातले सीलही तेच दाखवतात, आणि ते काम त्या मानाने हलकं.

माझी रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं इंजिन) आहे, माझदा आरएक्स-७. हेच नियम लागू?

नाही. तिचं इंजिन थोडं ऑइल मुद्दाम जाळतं, रोटरच्या टोकांवरच्या अपेक्स सीलना वंगण मिळावं म्हणून. ऑइल कमी होतं ही तक्रार नव्हे, दर वेळी पेट्रोल भरताना पातळी बघायची सवय हवी. साधा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो. एका रोटरला तीन बाजू असतात आणि गेज फक्त सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतो. तिन्ही ठोके वेगळे दाखवणारा टेस्टर लागतो. गरम असताना सुरू व्हायला त्रास देते हे कमी कॉम्प्रेशनचं पहिलं लक्षण. आणि थंड इंजिन सुरू करून लगेच दोन फुटांवर हलवून बंद करू नका, पेट्रोलने भरून जातं.

ब्रेक पेडल मऊ आहे. नुसती हवा काढली की झालं?

मऊ आणि स्प्रिंगसारखं असेल तर हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बुडत असेल तर मास्टर सिलिंडरचे सील. दगडासारखं कडक असेल तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप.

हवा काढताना जुन्या गाडीत एक सापळा आहे. पेडल रोज अर्ध्यापर्यंतच जात असतं, त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या पुढच्या भागाला वर्षानुवर्षं गंज चढलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्या खरखरीत भागावरून जातात आणि फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर प्रेशर ब्लीडर वापरा.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं कारण ओल. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असायला हवा, ओल शोषल्यावरचा किमान १५५. घाटात फरक कळतो. सिलिकॉनचं डॉट ५ हे डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये कधीही मिसळू नका.

एकच चाक तापत असेल तर कॅलिपर जाम आहे किंवा लवचिक होज आतून फुगला आहे. फुगलेला होज प्रेशर आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही. चाक अडकलेलं असताना ब्लीड निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडा. चाक सुटलं तर प्रेशर कुठेतरी कोंडलेलं होतं, आणि वय बघता पहिला संशय होजवर. न सुटल्यास कॅलिपर. हातब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असलेल्या गाड्यांत त्याची यंत्रणा सर्वांत आधी जाम होते.

जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. धूळ हवेने उडवू नका, ओली करून पुसा.

गंजलेला बोल्ट हलत नाही.

तोडण्याआधी त्याला एक संधी द्या: भेदक ऑइल, एक रात्र, मग आधी किंचित *घट्ट* करून पाहा. तडकल्याचा आवाज आला की सोडवायला घ्या आणि मागेपुढे करत काढा. सहा बाजूंचा सॉकेटच वापरा, बारा बाजूंचा कोपरे खातो. नाहीच हलला तर उष्णता, पण पेट्रोल लाइन, रबर आणि गॅस भरलेले शॉक ॲब्सॉर्बर जवळ नसतील तरच. ॲल्युमिनियममधलं फिरलेलं आट्याचं भोक वाया जात नाही, तारेची गुंडाळी बसवून ते मूळपेक्षाही मजबूत होतं.

गंज किती असला तर गाडी सोडून द्यावी?

दारं, मडगार्ड, बोनेट यांना बोल्ट असतात किंवा पत्रा नवा मिळतो. तिथला गंज कुरूप दिसला तरी घाबरण्यासारखा नाही. दाराखालचे सिल, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ते बुरूज, मागच्या आर्मच्या जागा आणि पुढच्या काचेच्या खालचे कोपरे वेगळे. तिथे पत्राच सांगाडा असतो. सगळीकडे स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत जा. खणखणीत आवाज हवा. भुसभुशीत आला तर टोक लावून बघा. कापडात गुंडाळलेला चुंबक पकडत नसेल तिथे पुट्टी भरलेली आहे. खालून नवीकोरी काळी अंडरकोटिंग मारलेली गाडी मला कधीच आवडत नाही. गंज उघडा दिसला तर निदान हिशेब करता येतो.

पाणी कुठून येतं ते आधी बंद करा. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या, बॅटरीची ताटली, वायपरखालची खोबण. नळ्या साफ करायला जोरदार हवा मारू नका, आतल्या आत जोडातून निघतात. जाड नायलॉनचा दोरा पुरतो. वरवरच्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं कन्व्हर्टर, मग इपॉक्सी प्रायमर. पापुद्रे सुटलेल्या गंजावर कन्व्हर्टर म्हणजे वेळकाढूपणा, तो पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

कूपेची दारं लांब आणि जड असतात. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून बॉडी बांधून घ्या, नाहीतर नवा सिल बसतो पण दार लागत नाही. शेवटी पोकळ भागांत मेण फवारा. वेल्डिंगच्या आधी नव्हे, नंतर.

घरी वेल्डिंग करताना काय सांभाळायचं?

बॅटरी आणि अल्टरनेटर सुटा करा, कंट्रोल युनिट काढून ठेवा, गालिचे आणि आवाज शोषणारे थर काढा. काम संपल्यावर तासभर गाडीजवळ थांबा, धुमसणं उशिरा दिसतं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक, कारण आत वाफ असते. टाकी कधीही घरी वेल्ड करू नका. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापला की त्याच्या धुराने ताप भरतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग तर अजिबात नको, त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. डब्यावरचं नाव वाचूनच फवारा.

सस्पेन्शनचे नवे रबरी बुश टाकले आणि वर्षभरात फाटले. माल खराब?

बहुधा बोल्ट गाडी उचललेली असताना घट्ट केले गेले. रबरी बुश पिळातून काम करतो. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्याबरोबर बुश कायमचा पिळलेला राहतो. बोल्ट हलके लावा, गाडी चाकांवर आणा, दोनदा दाबून हलवा, मग आवळा. पॉलियुरेथेनचे बुश रोजच्या रस्त्यासाठी मला फार कडक वाटतात.

आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. कठीण, सपाट जमीन, जॅक स्टँड, आणि शिरण्याआधी एक धक्का मारून बघायचा.

कुठलं ऑइल?

इंजिनासाठी मॅन्युअलमधला दाटपणा (व्हिस्कॉसिटी) पाळा. सपाट टॅपेटच्या (कॅमवर थेट घासणाऱ्या) जुन्या इंजिनांना जस्त-फॉस्फरसचं जास्त प्रमाण लागतं, आणि आजच्या पातळ ऑइलमध्ये ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी कमी केलेलं आहे; जुन्या गाड्यांसाठी बनवलेलं ऑइल घ्या. गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ ‘वरचा दर्जा’ समजून टाकू नका. त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रोनायझरला मानवत नाहीत.

एसी?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत आर-१२ वायू असतो. ओझोनसाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हटत गेला. आर-१३४ए वर आणताना जुनं खनिज ऑइल, सील आणि ड्रायर बदलावे लागतात. वायू काढायचं आणि भरायचं काम परवानाधारकाकडेच द्या.

रंग फिका पडलाय. पॉलिश पुरेल का?

न दिसणाऱ्या जागी थोडं पॉलिश घासा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर तो एकथरी पेंट आहे आणि बऱ्याचदा आश्चर्यकारक उजळतो. रंग आला नाही तर वर पारदर्शक थर आहे. तो धुरकट असेल तर आशा आहे, पापुद्रे सुटत असतील तर नाही.

टायरची नक्षी अजून चांगली आहे.

तारीख बघा. बाजूला ‘डॉट’ नंतरचे शेवटचे चार आकडे: २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे. त्यावर गाडी ढकला, चालवू नका.

कोणती कामं बाहेर द्यावीत?

हेड आणि ब्लॉकचं मशिनिंग, डिफरन्शियलची जुळणी, अलाइनमेंट. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या प्लगना मल्टिमीटर लावू नका. स्टीअरिंग उघडायच्या आधी बॅटरी काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. सस्पेन्शनची स्प्रिंग दाबायला चांगला कंप्रेसर नसेल तर तेही बाहेरच.

सगळं झालं. पहिली चक्कर कशी मारायची?

घराजवळ, मोकळ्या रस्त्यावर, दिवसा. निघण्याआधी जागच्या जागी ब्रेक दाबून पेडल टिकतं का बघा, मग पायी चालण्याच्या वेगात पुन्हा. दहा मिनिटांनी थांबा, बोनेट उघडा, खाली वाकून बघा: पेट्रोलचा वास, थेंब, तापमानाचा काटा. चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात धरा; एक जास्त गरम असेल तर तो ब्रेक सुटत नाहीये. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्या, कूलंट आणि ऑइलची पातळी पुन्हा पाहा. चाकांचे नट ८०-१०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.